हातातून निसटलेला कॅमेरा

लग्नसराई सुरू झाली की आपल्या मोहल्ल्यातली काही मुले एकदम कामाची होऊन जातात. गळ्यात एक कॅमेरा, खांद्यावर दुसरा, पाठीवर बॅग आणि हातात लाइटचा स्टँड. निकाहच्या वेळी काजीसाहेबांच्या अगदी समोर, रुखसतीच्या वेळी गाडीच्या दाराशी, वलीम्याला स्टेजच्या पायरीवर ती उभी दिसतात. कुणाचे शिक्षण दहावी-बारावीनंतर सुटलेले असते, तर कुणी कॉलेज सांभाळून चार पैसे मिळवत असतो. यातली बरीच मुले आम्हा शिक्षकांच्या हाताखालून गेलेली असतात, त्यामुळे लग्नात जेवणापेक्षा माझे लक्ष त्यांच्याकडेच जास्त जाते.

त्यांच्या गळ्यात लटकणाऱ्या वस्तूची किंमत पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. चांगल्या प्रतीचा कॅमेरा आणि त्यावरची लांब पल्ल्याची लेन्स मिळून दोन-तीन लाखांचा ऐवज सहज होतो. दारातल्या मोटारसायकलीपेक्षा महाग असलेली ही वस्तू बहुतेक वेळा त्या मुलाची नसतेच. ती स्टुडिओच्या मालकाची असते, दिवसाच्या भाड्याने आणलेली असते, मामेभावाकडून एका रात्रीसाठी मागून घेतलेली असते, नाहीतर हप्त्यांवर घेतलेली आणि निम्मीच फिटलेली असते.

आणि मग एखाद्या रात्री पट्ट्याची कडी निसटते, गर्दीत कुणाचा तरी कोपर लागतो, लहान मूल ट्रायपॉडच्या पायात अडखळते. फरशीवर एक आवाज होतो. दीड मीटर उंचीवरून वस्तू खाली यायला अर्ध्या सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ लागतो. त्या अर्ध्या सेकंदात काय मोडायचे ते मोडते. त्यानंतरच्या तासाभरात, आणि त्या मुलाच्या घरात त्याच्या लहानपणापासून जे घडत आलेले असते त्यात, बाकीचे सगळे ठरते. हा लेख त्याविषयी आहे.

एवढे मोडते का?

विज्ञानाच्या तासाला सोडवता येईल असे हे गणित आहे. दीड मीटरवरून पडलेला कॅमेरा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण वीस किलोमीटर असतो. हा वेग काही फार नाही, सायकल याहून जोरात जाते. प्रश्न थांबण्याचा आहे. फरशी किंवा शहाबादी लादी दबत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला पाचेक मिलिमीटरच्या आत थांबावे लागते. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, म्हणजे दीड मीटर भागिले पाच मिलिमीटर. उत्तर येते तीनशे. कॅमेऱ्याला स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीनशे पट फटका बसतो. सव्वादोन किलोचा कॅमेरा आणि लेन्स असेल तर क्षणभर त्याच्यावर पावणेसातशे किलोचा भार येतो. तोच कॅमेरा पाच सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर पडला, तर फटका दहा पटीने कमी होतो. चांगल्या बॅगेतला जाड फोम आणि लेन्सच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे हूड यांचे काम एवढेच: थांबायला थोडी जागा देणे. काहीशे रुपयांचे हूड फुटून लाखाची लेन्स वाचल्याची उदाहरणे कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे ऐकायला मिळतील.

लेन्सच्या आत काचेची अनेक भिंगे एका रेषेत बसवलेली असतात. बाहेरून ओरखडाही नसेल आणि आतले एक भिंग केसभर सरकले असेल, तर फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येते. कॅमेरा आणि लेन्स जिथे जोडली जातात ती धातूची कडी किंचित वाकली तरी हाच प्रकार होतो. म्हणूनच ‘काही झाले नाही, चालू आहे’ हे पडलेल्या कॅमेऱ्याबद्दलचे सर्वांत फसवे वाक्य आहे. कॅमेरा चालू असणे आणि ठीक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या तासात काय करावे?

हा भाग कापून आपल्या घरातल्या किंवा ओळखीच्या कॅमेरावाल्या मुलाला द्यावा.

सर्वांत आधी कॅमेरा बंद करा. काही तुटले आहे का हे बघायला बटणे दाबत बसू नका. पडल्यावर लेन्स वाकडी बसली असेल तर ती जोर लावून फिरवू नका. जबरदस्तीने फिरवल्यास दुरुस्त होण्याजोगी कडी कायमची जाते.

मेमरी कार्ड काढून सुरक्षित ठेवा आणि पहिली संधी मिळताच त्याची प्रत करून घ्या. कॅमेरा पुन्हा विकत घेता येतो, इजाब-कबूल पुन्हा होत नाही. ज्यांचे लग्न आहे त्यांची खरी अमानत त्या नखाएवढ्या कार्डात असते.

लेन्सच्या पुढचा संरक्षक फिल्टर फुटला असेल तर लेन्सचे तोंड खाली करून काचेचे कण गळू द्या, हवेच्या फुग्याने उडवा. रुमालाने किंवा ओढणीच्या टोकाने पुसू नका. फुटलेल्या काचेची पूड खालच्या भिंगावर घासली गेली की वाचलेली लेन्सही खराब होते. चेपलेला फिल्टर निघत नसेल तर तो दुरुस्तीवाल्याने काढावा.

कॅमेरा पाण्यात पडला असेल तर बॅटरी ताबडतोब काढा आणि तो पुन्हा चालू करून पाहू नका. ओल्या यंत्रातून वीज वाहिली की गंज आणि शॉर्ट दोन्ही एकदम होतात. कोकणातल्या किनाऱ्यावर लग्नानंतरचे फोटो काढायची आता पद्धत पडली आहे. खारे पाणी तर गोड्या पाण्याहून वाईट, कारण पाणी वाळते आणि मीठ आतच राहते. तांदळाच्या डब्यात ठेवून कॅमेरा बरा होतो ही समजूत सोडून द्यावी. तांदूळ मीठ काढत नाही, उलट त्याचा कोंडा आत जातो. अशा वेळी उशीर न करता जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे जाणे हाच उपाय.

वरवर सगळे ठीक दिसत असेल तर एक साधी तपासणी करा. वर्तमानपत्राचे अख्खे पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या अगदी समोर आणि सरळ ठेवून फोटो काढा, मग फोटो मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचा. तीन कोपरे वाचता आले आणि चौथा पुसट आला, तर आत काहीतरी सरकले आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी खरे तर सर्वांत आधी करायची आहे. वस्तू ज्याची आहे त्याला लगेच सांगा. उद्या सकाळची किंवा लग्न आटोपण्याची वाट पाहू नका.

न सांगितल्याची किंमत

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा एका फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून लागला. मुलगा कष्टाळू, अक्षर सुंदर, स्वभावाने भित्रा. एका लग्नाच्या रात्री सामान आवरताना त्याच्या हातून लेन्स पायरीवर पडली. आजूबाजूला कुणी नव्हते. त्याने ती उचलली, पुसली, कॅमेऱ्याला लावून पाहिली, चालत होती. त्याने ती बॅगेत ठेवली आणि घरी जाऊन झोपला. झोपला म्हणजे पडून राहिला, असे त्याने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात वलीमा होता. त्या कुटुंबातले तिघे भाऊ आखातात तीन वेगळ्या देशांत नोकरीला. बऱ्याच वर्षांनी सगळे एका वेळी घरी आले होते. आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांचा एक मोठा फोटो त्याच लेन्सने काढला गेला. आठवड्यानंतर फोटो मोठ्या पडद्यावर उघडला तेव्हा उजवीकडची माणसे धूसर होती. उजवीकडच्या खुर्चीवर आजी बसल्या होत्या. तोपर्यंत दोन भाऊ परत गेले होते.

मालकाने चौकशी केली तेव्हा मुलाने रडत रडत सगळे सांगितले. मालकाचे उत्तर त्याने मला जसे सांगितले तसे मी लिहून ठेवले आहे. “लेन्सचे मी बघून घेतले असते रे. रात्री एक फोन केला असतास तर सकाळी मित्राची लेन्स घेऊन गेलो असतो. आता त्या म्हाताऱ्या बाईला मी काय देऊ?”

मी त्या मुलाला विचारले, “तू का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “टीचर, घरी कप फुटला तरी अब्बा दोन दिवस बोलत नाहीत. लेन्स फुटली म्हटल्यावर भाईंनी काय केले असते?”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. लेन्स पडली तो अपघात होता. ती गुपचूप बॅगेत गेली तेव्हा त्या अपघाताचे अपराधात रूपांतर झाले. पण ते रूपांतर त्या रात्री पायरीवर सुरू झाले नव्हते. ते बऱ्याच वर्षांपूर्वी, फुटलेल्या एका कपापाशी सुरू झाले होते.

वर्गात मुलांना कॅमेऱ्याच्याच दोन गोष्टी सांगता येतात, आणि दोन्ही अंतराळातल्या आहेत. जुलै १९६६ मध्ये जेमिनी-१० मोहिमेत अंतराळवीर मायकेल कॉलिन्स यानाबाहेर काम करत असताना त्यांचा कॅमेरा सुटून अंतराळात निघून गेला. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ मोहिमेत चंद्रावर उतरलेल्या अॅलन बीन यांच्या हातून टीव्ही कॅमेरा सूर्याच्या दिशेने वळला आणि त्याची आतली नळी जळून गेली. पृथ्वीवर दिसणारे रंगीत चित्र तिथेच थांबले. निवडून निवडून घेतलेली, वर्षानुवर्षे सराव केलेली ही माणसे होती. त्यांना कुणी कायमचे बाजूला केले नाही. कॉलिन्स १९६९ मध्ये अपोलो-११ चे यान चंद्राभोवती सांभाळत होते, तर बीन १९७३ मध्ये स्कायलॅबच्या एका मोहिमेचे प्रमुख झाले. त्या चुका सगळ्या जगासमोर झाल्या, त्यामुळे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच त्यांतून शिकता आले. आपल्या मुलांच्या चुका बंद बॅगेत होतात, हा फरक आहे.

भरपाई कुणी करायची?

आता पैशाचा प्रश्न. इथे नातीही तुटतात, म्हणून थोडे नीट समजून घेऊ.

दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी आपल्या ताब्यात असते तेव्हा भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. त्याचे कलम १५१ सांगते की साधारण समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ताब्यात घेणाऱ्याने घ्यावी. कलम १५२ प्रमाणे एवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसेल तेव्हा तो जबाबदार नाही. मात्र कलम १५४ महत्त्वाचे आहे: ठरलेल्या कामापलीकडे वस्तू वापरली आणि नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. निकाहसाठी मागून आणलेला कॅमेरा मित्रांबरोबर धबधब्यावर नेला, तर ‘अपघात झाला’ हे कारण पुरत नाही. आणि देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ट्रायपॉडची पकड ढिली आहे हे ठाऊक असून त्याने सांगितले नाही, तर कलम १५० त्याच्याकडे बोट दाखवते.

आपल्याकडे हाच प्रश्न ‘अमानत’ या शब्दाने ओळखला जातो आणि फिकहच्या विद्वानांनी तो बारकाईने तपासला आहे. मागून आणलेल्या वस्तूला ‘आरियत’ म्हणतात. हनफी मताप्रमाणे ती अमानत आहे. घेणाऱ्याने हयगय केली नसेल किंवा मर्यादा ओलांडली नसेल, तर त्याच्यावर भरपाई येत नाही. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ नावाची कायदासंहिता तयार झाली. तिच्यात मागून आणलेल्या आरशाचे उदाहरण आहे. आरसा नकळत हातातून निसटून फुटला, तर घेणाऱ्याने भरपाई देणे लागत नाही. त्या काळचा आरसा म्हणजे आजची लेन्सच की!

शाफई मत वेगळे आहे. मागून आणलेली वस्तू वापरणाऱ्याच्या जोखमीवर असते. परवानगीच्या वापराने होणारी झीज सोडली, तर ती नष्ट झाल्यास हयगय नसतानाही भरपाई द्यावी लागते. आपल्या महाराष्ट्रात ही बाब केवळ किताबातली नाही. कोकणातले मुस्लिम बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी. रत्नागिरीच्या भावाने पुण्याच्या भावाचा कॅमेरा मागून नेला आणि तो पडला, तर दोघेही प्रामाणिक असून दोघांची अपेक्षा वेगळी असू शकते. भाड्याने आणलेल्या वस्तूबाबत मात्र दोन्हीकडे साधारण एकच मत आहे: भाडे दिलेल्या माणसाच्या हाती ती अमानत असते आणि हयगय नसेल तर तिचे नुकसान मालकाचे. प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर आपल्या आलिमांना आणि वकिलांना विचारावे. पण वाद उभा राहण्याआधीच दोन ओळी लिहून ठेवणे कधीही सोपे.

पगारी मदतनीस मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मालक सरळ पगार कापतो आणि मुलगा महिनोन्महिने फुकट राबतो, असे घडते. १९३६ च्या वेतन कायद्यातही आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तत्त्व एकच आहे. वस्तू खास त्याच्या ताब्यात दिलेली असावी, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेले असावे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी. संहितेप्रमाणे एका पगारातून एकूण कपात निम्म्याहून अधिक करता येत नाही. रात्री दोन वाजता, सोळा तास उभे राहिलेल्या मुलाच्या हातून स्टँड निसटला, तर ती हयगय कुणाची, हा प्रश्न मालकाने स्वतःलाही विचारावा.

भरपाई म्हणजे नव्या वस्तूची किंमत नव्हे, हेही लक्षात ठेवावे. पाच वर्षे वापरलेली लेन्स पडली तर प्रश्न तिच्या दुरुस्तीच्या खर्चाचा असतो. दुरुस्ती होत नसेल तर त्या दिवशी बाजारात तशा वापरलेल्या लेन्सची जी किंमत असेल तिचा. जुन्याच्या बदल्यात नवी मागणे हा नफा झाला.

या सगळ्यात मला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातला एक प्रसंग नेहमी दिशा दाखवतो. एका पत्नीच्या घरी दुसऱ्या पत्नीने पाठवलेले जेवण आले. ज्यांच्या घरी ते आले त्यांनी रागाने आणणाऱ्याच्या हातावर मारले आणि भांडे पडून फुटले. बुखारी शरीफमधल्या या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) स्वतः तुकडे आणि जेवण गोळा केले, जमलेल्यांना तो राग समजावून सांगितला, आणि ज्या घरात भांडे फुटले तिथले अखंड भांडे भरपाई म्हणून पाठवले. फुटलेले भांडे त्या घरात ठेवले. मोडणाऱ्याचा सर्वांसमोर अपमान झाला नाही आणि जिचे भांडे होते तिचे नुकसानही झाले नाही. आपण बहुधा उलट करतो. अपमान पूर्ण करतो आणि भरपाईचा विषय आला की ‘जाऊ द्या, अपघातच तो’ म्हणतो.

आधीच ठरवलेले बरे

कॅमेरा मागून आणा, भाड्याने आणा किंवा द्या, हातात घेण्याआधी दोघांनी मिळून तो तपासावा. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा क्रमांक, आधीचे ओरखडे, हूड आहे की नाही, याचे मोबाइलवर फोटो काढून एकमेकांना पाठवावेत. पडल्यास खर्च कुणाचा, किती, डिपॉझिटमधून किती कापणार, हे संदेशात लिहावे. सख्ख्या नात्यात असे लिहिणे वाईट दिसते म्हणतात. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच. आणि खरे तर लिहिलेले असते म्हणूनच नाते टिकते.

कंपनीची वॉरंटी सहसा बनावटीतल्या दोषांसाठी असते, पडून झालेल्या नुकसानीसाठी नसते. अपघाती नुकसानीचा विमा वेगळा मिळतो. तो घेताना धंद्यासाठी वापर चालतो का, दुसऱ्याच्या हातात असताना पडला तर काय, आणि दाव्यातला किती भाग आपल्याच खिशातून जाणार, हे तीन प्रश्न विचारावेत. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांना दुसरा मार्ग आहे. प्रत्येक ऑर्डरच्या पैशातला ठरावीक हिस्सा ‘दुरुस्ती’ लिहिलेल्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाकावा. चार-पाच मुले मिळून असा सामायिक निधी सांभाळू शकतात.

निसटू नये म्हणून

निसटण्याच्या जागा मोजक्या आहेत. पहिली, एका हातातून दुसऱ्या हातात देताना. देणाऱ्याला वाटते घेतला, घेणाऱ्याला वाटते अजून धरलेला आहे. म्हणून घेणाऱ्याने मोठ्याने ‘धरला’ म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडू नये. दुसरी, लेन्स बदलताना. ती उभ्याने, हवेत बदलू नये. बसून, उघड्या बॅगेवर हात ठेवून बदलावी, म्हणजे निसटली तरी फोमवर पडेल. तिसरी, ट्रायपॉड. त्याचा एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवावा, मधला दांडा उगाच उंच करू नये, आणि खालच्या आकड्याला वजनदार पिशवी अडकवावी. त्यावर कॅमेरा बसवल्यावर पकड नीट लागली का, हे हलकेच ओढून पाहावे. चौथी, वायर. चार्जरची किंवा पडद्याला जोडलेली वायर लोकांच्या वाटेवर असेल तर ती जमिनीला पट्टीने चिकटवावी. पाचवी, पट्टा. तो गळ्यात किंवा मनगटात हवा. आणि सहावी, थकवा. रुखसत उशिरा होते आणि सामान आवरण्याची घाई त्याहून उशिरा. पाणी पिऊन, दहा मिनिटे बसून मग आवरले तर मालकाचेच पैसे वाचतात. लग्नघरानेही या मुलांना वेळेवर जेवायला बसवावे. पाहुणे जेवेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवणे बरे नाही.

घरातला कप

घरात कॅमेरा असला की लहान मुलांचा हात तिथे जाणारच. टेबलाच्या कडेवरून लोंबणारा पट्टा रांगणाऱ्या बाळाने ओढला, तर ते बाळाचे चुकणे नाही, ठेवणाऱ्याचे आहे. पाहुण्यांच्या मुलाने कॅमेरा पाडला तर मूल लहान आहे हे यजमानाने म्हणावे. आई-वडिलांनी मात्र ‘दुरुस्तीला काय लागेल ते सांगा’ असेच म्हणावे. दोघांनी आपापले वाक्य बोलले तर संबंध टिकतात. वाक्यांची अदलाबदल झाली की दोन घरांचे जाणे-येणे बंद होते.

मूल मोठे असेल तर त्याला भरपाईत सामील करावे. खर्च त्याच्या ताकदीबाहेरचा असतो, पण ईदीतले शंभर रुपये त्याने स्वतःच्या हाताने द्यावेत, दुरुस्तीवाल्याकडे बरोबर यावे, ‘माझ्याकडून पडला’ हे शब्द स्वतः उच्चारावेत. ओरडण्याने मूल फक्त पकडले न जाण्याची कला शिकते. भरपाईने त्याला दुसऱ्याच्या वस्तूची किंमत कळते. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात ‘हे असे का केलेस’ असे प्रेषितांनी (स.) त्यांना कधी विचारले नाही, असे ते सांगत. दहा वर्षांत त्या मुलाच्या हातून काहीच पडले-फुटले नसेल असे थोडेच आहे?

तेव्हा पुढच्या वेळी स्वयंपाकघरातून फुटल्याचा आवाज आला, तर पहिला प्रश्न ‘कोण आहे तिकडे?’ असा नको. ‘लागले का कुणाला?’ असा असू द्या. काचा मिळून गोळा करा, मग किंमत सांगा, मग काय करायचे ते ठरवा. आणि ज्यांच्याकडे अशी मुले कामाला आहेत त्यांनी कामाच्या पहिल्या दिवशी एक वाक्य स्पष्ट सांगून ठेवावे: “काही पडले तर मला लगेच फोन कर, रात्री कितीही वाजलेले असोत.” आणि तो फोन आला की आधी शांतपणे ऐकून घ्यावे. एकदा ओरडलात, तर दुसरा फोन येणार नाही.